उंच इमारत, हिरवी पाटी आणि कामगाराचा वाटा

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या संघटनांच्या बैठकीत अनेकांच्या कपाळावर आठी पडते. त्या आठीला कारण आहे. जुलै १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ धोकादायक कारखाने बंद करण्याचा वा राजधानीबाहेर हलविण्याचा आदेश दिला. शहराची हवा स्वच्छ व्हावी हा हेतू योग्यच होता. ती हवा कामगाराच्या मुलांनाही हवी होती. आदेशात कामगारांच्या भरपाईची तरतूदही होती. तरीसुद्धा ती पदरात पडावी म्हणून अनेकांना दीर्घ काळ झगडावे लागले आणि कित्येकांची घडी विस्कटली ती विस्कटलीच. तेव्हापासून पर्यावरण म्हणजे कारखान्याला टाळे, असे समीकरण आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात घट्ट बसले आहे.

हे समीकरण अपुरे आहे, असे आमचे मत आहे. पर्यावरण रक्षणाचा एक मोठा भाग असा आहे की ज्यात काहीही बंद करावे लागत नाही. उलट जे उभे आहे ते दुरुस्त करावे लागते, आणि दुरुस्ती म्हटली की फिटर, वायरमन, प्लंबर, काचकाम करणारे, गवंडी आणि यंत्रचालक हे सारे लागतात. जुन्या, उंच कार्यालयीन इमारती सुधारणे हे असे काम आहे. त्यातून बचत होते, रोजगार निर्माण होतो आणि हवेत जाणारा कार्बन वायू कमी होतो. प्रश्न एवढाच उरतो की या तिन्हींपैकी कामगाराच्या वाट्याला काय येते? तो प्रश्न आज विचारला नाही, तर बचत मालकाच्या खात्यात, प्रतिष्ठेची पाटी प्रवेशद्वारावर आणि कंत्राटी कामगार जिथल्या तिथे, असे चित्र दिसेल. म्हणून न्यूयॉर्कमधील दोन इमारतींची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एम्पायर स्टेटची दुरुस्ती

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १ मे १९३१ रोजी सुरू झाली. जागतिक मंदीने लक्षावधी अमेरिकन कामगार बेकार झाले असताना कामगार दिनीच तिचे उद्घाटन व्हावे, हा एक योगायोगच. १०२ मजल्यांची ही इमारत अवघ्या ४१० दिवसांत उभी राहिली. काम ऐन भरात असताना सुमारे ३,४०० कामगार रोज तिथे राबत होते. ५७,००० टन पोलाद आणि एक कोटी विटा त्यांनी चढविल्या. अधिकृत नोंदीप्रमाणे पाच कामगारांनी त्यात प्राण गमावले. शेकडो फूट उंचीवर तुळईवर उभ्या असलेल्या त्या कामगारांची छायाचित्रे लुईस हाइन यांनी काढली. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या बालकामगारांची छायाचित्रे काढून अमेरिकेचे डोळे उघडणारे हाइन ते हेच.

मंदीमुळे ही इमारत कित्येक वर्षे अर्धी रिकामी राहिली आणि लोक तिला थट्टेने ‘एम्प्टी स्टेट’ म्हणत. पुढे ती भरली, आणि २००० नंतरच्या दशकात तिची अवस्था जगातील असंख्य जुन्या कार्यालयीन इमारतींसारखी झाली. यंत्रणा जुनी, खिडक्यांतून उष्णता बाहेर, उन्हाळ्यात वातानुकूलनावर प्रचंड खर्च. मालकांनी नूतनीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतलाच होता. एप्रिल २००९ मध्ये त्याला ऊर्जाबचतीच्या योजनेची जोड देण्यात आली. क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट, जॉन्सन कंट्रोल्स आणि जोन्स लँग लासाल या चार संस्था-कंपन्यांनी मालकांबरोबर बसून साठांहून अधिक कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या आठ निवडल्या.

या आठ कामांचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. नेहमीची रीत अशी की जुने शीतयंत्र अपुरे पडू लागले की त्याहून मोठे आणायचे. येथे अगोदर विचारले गेले की एवढी थंडावा देण्याची गरज मुळात निर्माण का होते? उत्तर खिडक्यांत होते, दिव्यांत होते, वाफेच्या रेडिएटरमागच्या भिंतीत होते. म्हणून प्रथम गरज कमी केली गेली आणि यंत्राचा विचार नंतर झाला.

इमारतीला ६,५१४ खिडक्या. त्या काढून भंगारात द्यायच्या आणि नव्या आणायच्या, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी पाचव्या मजल्यावरच एक कर्मशाळा थाटण्यात आली. खिडकीची दुहेरी तावदाने सोडवायची, धुऊन स्वच्छ करायची, दोन काचांमध्ये उष्णता परतविणारा पातळ पडदा ताणून बसवायचा, मधल्या पोकळीत वायू भरायचा, कडा बंद करायच्या आणि खिडकी पुन्हा जागेवर नेऊन बसवायची. भाडेकरूंच्या कामात खंड पडू नये म्हणून काढण्या-बसविण्याचे काम रात्री चाले. जुन्या काचा आणि चौकटी यांचा ९६ टक्के भाग अशा रीतीने पुन्हा वापरला गेला. नवी खिडकी कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातून मालमोटारीने आली असती. ही खिडकी त्याच इमारतीत, कामगारांच्या हातांनी नवी झाली.

त्याच वेळी खिडक्यांखालच्या सुमारे ६,५०० रेडिएटरमागे उष्णतारोधक पत्रे बसविण्यात आले. वाफेची उष्णता पूर्वी भिंतीतून बाहेर न्यूयॉर्कच्या थंडीत जात होती, ती आता खोलीत राहू लागली. दिवे बदलले, दिवसाच्या उजेडाचा उपयोग होईल अशी मांडणी सुचविली गेली. या सर्वांचा परिणाम म्हणून थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने, म्हणजे १,६०० टनांनी घटली. मग शीतयंत्रांचा संच वाढविण्याची आवश्यकताच उरली नाही. जुन्या यंत्रांची बाहेरची कवचे तशीच ठेवून आतील नळ्या, मोटारी आणि नियंत्रणे बदलली गेली. केवळ या एका निर्णयाने १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक भांडवली खर्च वाचला.

आता आकडे पाहू. या आठ कामांमुळे इमारतीचा ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी होईल असा हिशोब मांडला गेला. त्यात खिडक्यांचा वाटा ५ टक्के, रेडिएटरमागील पत्र्यांचा ३, शीतयंत्रांचा ५, हवा खेळविणाऱ्या नव्या यंत्रांचा ५, माणसांच्या संख्येप्रमाणे ताजी हवा आत घेण्याच्या व्यवस्थेचा २, भाडेकरूंच्या कार्यालयांतील दिवे व उपकरणांचा ६, भाडेकरूंना त्यांचा वापर दाखविणाऱ्या व्यवस्थेचा ३ आणि संगणकीय नियंत्रणांचा ९ टक्के. अगोदर ठरलेला ऊर्जाविषयक खर्च ९ कोटी ३० लाख डॉलर होता, तो १० कोटी ६० लाखांवर गेला. म्हणजे जादा खर्च सुमारे १ कोटी ३२ लाख आणि वार्षिक बचत ४४ लाख डॉलर. घातलेले जादा पैसे तीन वर्षांत वसूल! बचतीची हमी कंत्राटदार कंपनीने लेखी दिली होती. २०११ या पहिल्या वर्षी २४ लाख डॉलरची बचत झाली, म्हणजे हमीपेक्षा ५ टक्के अधिक. त्याच वर्षी इमारतीला पर्यावरणस्नेही इमारतींसाठी दिले जाणारे ‘लीड’ सुवर्ण मानांकनही मिळाले.

यंत्रणा चालविणारा कोण?

वरच्या यादीत सर्वांत मोठा आकडा कोणता, हे वाचकांनी पुन्हा पाहावे. संगणकीय नियंत्रणांचा ९ टक्के. आणि भाडेकरूंच्या दिव्यांचे ६ व वापर दाखविणाऱ्या व्यवस्थेचे ३ मिळून होतात तेही ९ टक्के. पहिले ९ टक्के तळघरातील यंत्रचालकांवर अवलंबून आहेत आणि दुसरे ९ टक्के मजल्यामजल्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. म्हणजे एकूण बचतीचा जवळजवळ निम्मा भाग असा आहे की जो यंत्र एकदा बसवून संपत नाही. माणसांनी तो रोज सांभाळावा लागतो.

संगणक आकडे दाखवितो. पण कोणती झडप अडकते, कोणत्या मजल्यावरचे लोक दुपारी उकाड्याने तक्रार करतात, कोणता पंप आवाज करू लागला की चार दिवसांत बंद पडणार, हे वर्षानुवर्षे त्या इमारतीत काम करणाऱ्या माणसाला कळते. ते ज्ञान कंत्राटाच्या कागदात लिहिलेले नसते. दर अकरा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या व्यवस्थेत ते साठतही नाही. महागडी नियंत्रणे बसवायची आणि ती चालविणारा मात्र सर्वांत स्वस्त कंत्राटदाराकडून आणायचा, यासारखा उधळेपणा दुसरा नाही. अशा इमारतीत दोन वर्षांत संवेदक बंद पडतात, कोणीतरी यंत्रणा ‘हाताने चालू’ या खटक्यावर टाकून देतो आणि वीजबिल पूर्वपदावर येते.

न्यूयॉर्कच्या संघटनांनी हे वेळीच ओळखले. इमारतींतील सफाई कामगार, द्वारपाल आणि देखभाल प्रमुख यांची तेथील मोठी संघटना म्हणजे सर्व्हिस एम्प्लॉईज युनियनची ३२-बीजे ही शाखा. तिने २००९ च्या सुमारास एका वर्षात एक हजार देखभाल प्रमुखांना ऊर्जाबचतीचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. बॉयलर, पाणी, हवा, उष्णतारोधन आणि वीज यांचे शास्त्र त्यांना शिकविले गेले. हे प्रशिक्षण सामुदायिक करारानुसार मालकांनी भरलेल्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून चालते, ही बाब आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मालकाने मेहेरबानी म्हणून शिबिर भरविले असे तेथे नाही. प्रशिक्षण हा कराराचा भाग आहे, आणि शिकलेला माणूस कामावर टिकतो तोही कराराच्या आधारावर.

दुसरी इमारत

आता दुसरी हकिकत. एम्पायर स्टेटपासून फार दूर नाही, पार्क ॲव्हेन्यूवर २७० क्रमांकाची ५२ मजली इमारत होती. १९६० मध्ये युनियन कार्बाइड कंपनीच्या मुख्यालयासाठी ती बांधली गेली. युनियन कार्बाइड हे नाव भारतीय वाचकाला, विशेषतः भोपाळच्या कामगारांना, समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे ही इमारत जेपी मॉर्गन चेस या बँकेकडे आली. बँकेने तिचे संपूर्ण नूतनीकरण केले आणि २०११ च्या सुमारास तिला ‘लीड’चे सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले. पर्यावरणस्नेही जुन्या इमारतीचा आदर्श म्हणून तिचा गौरव झाला.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत ती पाडण्यात आली. २०१७ मध्ये शहराने त्या भागाचे बांधकाम नियम बदलून अधिक उंच इमारतींना मुभा दिली होती. २०१८ मध्ये बँकेने आपला निर्णय जाहीर केला, २०१९ ते २०२१ या काळात इमारत मजल्यामजल्याने उतरविली गेली आणि त्या जागी उभी राहिलेली १,३८८ फूट उंचीची नवी ६० मजली इमारत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. मालकाने स्वतःहून पाडलेली ती तोवरची जगातील सर्वांत उंच इमारत होती. नव्या इमारतीतही पर्यावरणाचा गाजावाजा आहेच. ती संपूर्णपणे विजेवर चालते आणि ती वीज पाण्यापासून तयार होते, असे बँक सांगते. पण जुन्या इमारतीचे पोलाद वितळविताना, सिमेंट भाजताना आणि काच ओतताना जो कोळसा नि तेल जळले, त्याचा धूर केव्हाच आकाशात गेला होता. तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, नव्याने जाळून नवी इमारत आली. त्या जादा धुराची भरपाई होण्यास किती वर्षे लागतील, हा हिशोब प्रवेशद्वारावरच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

येथे आमचे बांधकाम क्षेत्रातील सहकारी एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. पाडकाम आणि नवे बांधकाम यांतूनही हजारो हातांना काम मिळते, मग संघटनेने त्याला विरोध का करावा? आमचे उत्तर असे : आम्ही नव्या बांधकामाला सरसकट विरोध करीत नाही. घरे, रुग्णालये, शाळा बांधायच्या आहेतच. पण ज्या इमारतीचा सांगाडा भक्कम आहे, जी नुकतीच सुधारलेली आहे, ती पाडण्यामागे रोजगाराचा विचार नसतो. त्या जागेतून अधिक चटईक्षेत्र काढण्याचा विचार असतो. दुरुस्तीच्या कामात सामानापेक्षा मजुरीवर खर्चाचा वाटा मोठा असतो, आणि ते काम दर काही वर्षांनी पुन्हा निघते. नवी इमारत बांधून झाली की बांधकाम कामगार दुसऱ्या जागेच्या शोधात निघतो. जुनी इमारत सांभाळणाऱ्याला मात्र तेथेच काम मिळत राहते. बेकारीची भीती दाखवून कामगारालाच पाडकामाचा साक्षीदार करण्याची रीत आपण ओळखली पाहिजे.

या दोन्ही इमारतींचे मालक खासगी. एकाला दुरुस्ती परवडली, दुसऱ्याला पाडणे परवडले. दोन्ही निर्णय ताळेबंदावर झाले. म्हणून केवळ मालकाच्या सद्बुद्धीवर आणि मानांकनाच्या पाटीवर विसंबून चालणार नाही, कायदा हवा. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये असा कायदा केला. त्या शहरात हरितगृह वायूंचा सुमारे दोन तृतीयांश भाग इमारतींतून निघतो. २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून कार्बन वायूची मर्यादा घालून देण्यात आली, २०३० पासून ती अधिक कडक होईल, आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलरपर्यंत दंड आहे. जुनी इमारत सुधारणे ही हौस न राहता ते कर्तव्य ठरले.

आपल्याकडे काय?

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली. पण तिचा रोख मुख्यतः नव्या इमारतींवर राहिला. उभ्या असलेल्या कार्यालयांसाठी २००९ पासून तारांकनाची योजना आहे, ती मात्र ऐच्छिक. मुंबईत, दिल्लीत, कोलकात्यात, चेन्नईत १९६० ते १९९० या काळात बांधलेली सरकारी, बँकांची, विमा आणि सार्वजनिक उद्योगांची बहुमजली कार्यालये आपण सारे ओळखतो. त्यांतील टेबलांशी आपलेच सभासद बसतात, आणि त्यांचे पंप, लिफ्ट, वातानुकूलन यंत्रे पूर्वी आपलेच कायम सभासद चालवीत. आज त्या जागी बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणसे आहेत. ऊर्जाबचत म्हणून वरून एखादे परिपत्रक येते, दुपारच्या सुटीत दिवे मालवा असे त्यात असते, आणि प्रकरण तेथेच संपते.

हवामानाचा फरकही ध्यानात घ्यावा लागेल. न्यूयॉर्कला हिवाळ्यात उष्णता धरून ठेवायची असते, आपल्याला बाराही महिने ऊन अडवायचे असते. तिथला रेडिएटर इथे नाही. पण क्रम तोच राहील. आधी पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीवर आणि गच्चीवर पडणारे ऊन अडवायचे, दिवे व पंखे सुधारायचे आणि मग यंत्राची निविदा काढायची. आपल्याकडे निविदा आधी निघते.

म्हणून आमच्या मते आपल्या संलग्न संघटनांनी पुढील मागण्या आपापल्या मागणीपत्रात घालाव्यात.

१) जुन्या कार्यालयीन इमारतीची ऊर्जा-तपासणी करताना देखभाल कामगारांचा आणि तेथे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी समितीत असावा, आणि अहवाल संघटनेला मिळावा.

२) इमारत पाडण्याचा प्रस्ताव येण्यापूर्वी दुरुस्तीचा खर्च व लाभ यांचा लेखी हिशोब जाहीर व्हावा.

३) यंत्रणा सुधारताना जे नवे काम निर्माण होईल त्याचे प्रशिक्षण प्रथम आज तेथे काम करणाऱ्यांना, कंत्राटी कामगारांसह, मिळावे. प्रशिक्षण पगारी असावे आणि प्रशिक्षित माणसाला कायम नेमणूक मिळावी.

४) दुरुस्तीच्या काळात सुरक्षिततेची तरतूद निविदेतच असावी. जुन्या नळांच्या आवरणातील ॲस्बेस्टॉस, जुन्या वातानुकूलन यंत्रांतील वायू, उंचीवरचे काचकाम आणि रात्रपाळी हे चारही धोके दुरुस्तीच्या कामात हमखास येतात. सेफ्टी बेल्ट आणि मास्क ही शेवटच्या क्षणी आठवण्याची गोष्ट नव्हे.

५) प्रत्यक्ष मोजलेल्या वार्षिक बचतीचा ठरावीक भाग कर्मचारी कल्याण व प्रशिक्षण निधीत जमा व्हावा. वीजबिल कमी झाले ते ज्यांच्या हातांनी, त्यांना त्यात वाटा असणे न्यायाचे आहे. मात्र ही बचत वातानुकूलन बंद ठेवून, कर्मचाऱ्यांना उकाड्यात बसवून केलेली नसावी, हेही करारात स्पष्ट लिहावे.

यांतील एकही मागणी अव्यवहार्य नाही. जो खर्च तीन वर्षांत भरून निघू शकतो, त्यातील लहानसा वाटा कामगारासाठी ठेवला म्हणून कोणतीही बँक वा महामंडळ बुडणार नाही. मात्र मागितल्याशिवाय तो मिळणार नाही, हेही तितकेच खरे.

जुन्या इमारती आज ना उद्या सुधारल्या जाणार आहेत. विजेचे दर आणि वाढता उन्हाळा दोन्ही त्यास भाग पाडतील. ती कामे सुरू होतील तेव्हा करार आधीच झालेला असला, तर पर्यावरण हा शब्द ऐकून आपल्या सभासदाच्या कपाळावर आठी पडणार नाही. शाखांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आपापल्या इमारतीची माहिती गोळा करावी आणि गच्चीपासून तळघरापर्यंत ती एकदा त्या यंत्रचालकाबरोबर फिरून पाहावी, अशी आमची सर्व कार्यकर्त्यांना विनंती आहे.